सोल्मे किल्ल्याच्या भिंतीबाहेर

मित्रांनो, किल्ला म्हणजे शेवटी काय, तर एक लांबलचक भिंत आणि तिला ठेवलेली दोन-चार दारे. मी तसाच आहे. सोल्मे डोंगराच्या माथ्याभोवती मी पट्ट्यासारखा बसलो आहे. मला आता चारशे वर्षे होत आली. माझ्या पोटात पूर्वी दोन मठ होते, धान्याची कोठारे होती, एक तळे होते. आता गवत आहे आणि पाइनची झाडे आहेत.

मला कोणा एका माणसाने बांधले नाही. राजाचा हुकूम निघाला आणि भोवतालच्या तालुक्यांतून माणसे आली, मठांतून भिक्षू आले. प्रत्येक तालुक्याला भिंतीचा एक तुकडा नेमून दिला होता. तुकडा पुरा झाला की पायाच्या दगडावर तालुक्याचे नाव कोरायचे. उद्या भिंत ढासळली तर कोणाला पकडून आणायचे ते ठाऊक असावे, म्हणून. खाली मोठे दगड, वर लहान, आणि प्रत्येक थर किंचित आत कललेला, अशी माझी बांधणी आहे. वरच्या कठड्याला जंग्या, म्हणजे बाण मारायची भोके आहेत. जवळ आलेल्या शत्रूसाठी उतरत्या, लांबच्यासाठी सरळ. पूर्वेला मोठा दरवाजा आणि त्याच्यावर कौलारू सज्जा. पश्चिमेला झुडपांत लपलेला चोरदरवाजा. युद्ध आले की तो आतून दगडांनी भरून टाकायचा, अशी रीत होती.

उत्तरेच्या बाजूला एक चौकोनी बुरूज भिंतीतून पुढे आलेला आहे. तो पायथ्याच्या सोन्दोल गावातल्या याकसे नावाच्या पाथरवटाने बांधला. तो फार बोलत नसे. एकदा एक दगड त्याने बसवला, उतरवला, पुन्हा बसवला, आणि मग त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसला. मी पुरा झाल्यावर काही वर्षांनी तो वारला. त्याच्या मागे त्याची बायको राहिली, मानबोक नावाचा मुलगा राहिला, आणि पुढे त्या मुलाची बायको गोप्दान घरात आली. मला तुम्हाला या तिघांची गोष्ट सांगायची आहे. आणि माझ्या किल्लेदाराची. त्याचे आडनाव मा. सगळे त्याला मा किल्लेदार म्हणत.

ज्या सालची ही गोष्ट आहे त्या साली हिवाळा लवकर आला. नद्या गोठल्या. उत्तरेचे मांचू घोडेस्वार गोठलेल्या नदीवरून जमिनीवरून यावे तसे आले. राजा दुसऱ्या एका मोठ्या किल्ल्यात जाऊन बसला. माझ्यासारख्या लहान किल्ल्यांना निरोप आला, की गावे आत घ्या आणि दारे लावा.

सोन्दोलची माणसे डोंगर चढू लागली. डोक्यावर जवाच्या गोण्या, पाठीवर पोरे. बायकांनी किमचीची, म्हणजे मुरवलेल्या भाजीची, आणि आंबवलेल्या सोयाबीनची मडकी सोबत घेतली, कारण ती मागे ठेवायची म्हणजे सगळे वर्ष मागे ठेवायचे. गोप्दान पुढे आली होती. कोठारामागच्या, जमीन खालून विस्तवाने तापवलेल्या खोलीत सासूसाठी कोपरा धरून ठेवायचा, असे घरात ठरले होते. मानबोक मागून येत होता. म्हातारीचे गुडघे गेले होते, म्हणून लाकूड वाहायची चौकट त्याने पाठीला लावली होती आणि तिच्यावर आईला बसवले होते. म्हातारीच्या डोक्याला पांढरे फडके होते.

दुपार व्हायच्या आधी खालच्या ओढ्यापाशी घोडे दिसले.

मा किल्लेदार सज्ज्यात उभा होता. त्याने दार लावायला सांगितले. गोप्दान धावत सज्ज्याखाली आली. तिने अंगरख्याला हात पुसले आणि मान वर करून म्हणाली, "साहेब, माझी माणसं रस्त्यावर आहेत. सासू पाठीवर आहे, म्हणून उशीर होतोय. एवढ्यात येतील."

किल्लेदाराने रस्त्याकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले.

"रस्त्यावर मला कोणी दिसत नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, मला दिसत होते. शेवटच्या वळणावर मानबोक वाकून चढत होता आणि त्याच्या खांद्यावरून ते पांढरे फडके हलत होते. दार उघडे राहिले असते तर घोडे आधी पोचले असते की तो, हे मी आजही सांगू शकत नाही. मी भिंत आहे. अंतर मला कळते, वेग कळत नाही. अडसर पडला. दाराचा तो आवाज माझ्या सगळ्या दगडांतून फिरला आणि थांबला. दार लावणे हे माझे काम होते. ते मी केले. त्या वेळी मला काही वाटले का, असे तुम्ही विचाराल. नाही वाटले.

मानबोक दारापर्यंत आला. बंद दारासमोर तो उभा राहिला. मग तो भिंतीच्या कडेकडेने पाइनच्या झाडीकडे वळला.

शत्रूची मोठी फौज राजधानीकडे गेली. माझ्यावर लक्ष ठेवायला त्यांनी एक तुकडी समोरच्या टेकाडावर ठेवली. ते माझ्यावर चालून आले नाहीत. दार उघडेल त्याची वाट पाहत बसले.

त्यानंतर एका सकाळी गोप्दान उत्तरेच्या बुरुजावर शिपायांना पाणी द्यायला गेली होती. तिला खालून खोकला ऐकू आला. तिने उतरत्या जंगीला तोंड लावले.

"आई? तुम्ही आहात?"

"आणि कोण असणार," खालून म्हातारी म्हणाली.

"ते कुठं आहेत?"

खाली म्हातारी पुन्हा खोकली. "नेलं त्याला. दोराला बांधून नेलं. बरेच होते दोराला. मला बघून हसले आणि सोडून दिलं."

गोप्दान जंगीपाशी बसून राहिली. शिपायांनी पाण्याची लोटी तिच्या हातातून काढून घेतली. खालून म्हातारी म्हणाली, की इथे बुरुजाच्या कोपऱ्यात वारा लागत नाही, काळजी करू नकोस.

"तुझ्या सासऱ्यानं बांधलेला कोपरा आहे हा," ती म्हणाली. "जन्मभर घराचं गळकं छप्पर नीट केलं नाही मेल्यानं. आणि इथं बघ, टाचणी जायला जागा ठेवली नाही."

तिची पाठ माझ्या दगडांना टेकलेली होती. तिचे वजन किती कमी होते हे मला तेव्हा कळले.

त्या दिवसापासून गोप्दान एक टोपली दोराने खाली सोडू लागली. टोपलीत भाताच्या तळची खरवड असे, कधी किमचीचा तुकडा, दुधीच्या तुंबड्यात गरम पाणी. पाणी खाली पोचेपर्यंत निवत असे. शिपाई दुसरीकडे पाहत. किल्लेदाराला हे ठाऊक होते. त्याने टोपलीला मनाई केली नाही.

पण गोप्दानला टोपली खाली सोडायची नव्हती, सासूला वर घ्यायचे होते. तिने जाड दोर मिळवला. म्हातारीची बोटे थंडीने ताठ झाली होती, तिला गाठ मारता येईना. कोणीतरी खाली उतरून तिला बांधायला हवे होते. एक शिपाई तयार झाला. तो कठड्यावर चढला तसा समोरच्या टेकाडावरून बाण आला आणि त्याच्या पायाशी दगडावर आपटला. शिपाई खाली उतरला. किल्लेदाराला कळल्यावर तो स्वतः बुरुजावर आला आणि त्याने दोर गुंडाळून आपल्या हातात घेतला.

"एका म्हातारीसाठी माझा माणूस जाणार नाही," तो म्हणाला.

"मग मी जाते," गोप्दान म्हणाली. "मी तुमचा माणूस नाही."

किल्लेदार काही बोलायच्या आत खालून उत्तर आले. म्हातारीचे कान अजून चांगले होते. "तू खाली आलीस तर मी टोपलीला हात लावणार नाही. सांगून ठेवते. घरात एक तरी राहू दे."

गोप्दान उतरली नाही. किल्लेदार दोर घेऊन गेला.

पुढचे दिवस त्या दोघी जंगीतून बोलत. फार काही नाही. मडक्यांची झाकणे उन्हात काढतेस का, तिकडे कोणा कोणाला ताप आहे, तुझे पाय कोरडे असतात का. म्हातारी एकदा म्हणाली, की लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या हातच्या भाताला मी नावे ठेवली, तो भात वाईट नव्हता. गोप्दान म्हणाली, "तो कच्चा होता, आई." खाली म्हातारी हसली आणि तिला खोकला आला.

मग एका सकाळी टोपली भरलेली वर आली. खरवड तशीच होती. तुंबड्यातले पाणी गोठले होते.

गोप्दानने जंगीतून हाक मारली नाही. तिने खरवड ओच्यात घेतली आणि तिथेच बसून ती सगळी खाल्ली, सावकाश, एकेक तुकडा. नंतर टोपली कोठारात जागेवर नेऊन ठेवली आणि पाणी भरायला गेली. म्हातारीची पाठ अजून माझ्या दगडांना टेकलेली होती. दगड आणि पाठ आता सारख्याच थंड होत्या. कुठे मी संपतो आणि कुठे ती सुरू होते, हे मला सांगता आले नसते.

राजा शरण गेला. शत्रू परत फिरला आणि माझे दार उघडले. माझ्या आत जेवढी माणसे आली होती ती जवळजवळ सगळी जिवंत होती. गावाने किल्लेदारापुढे जमिनीला डोके टेकले. त्यांनी मलाही नावाजले. म्हातारे लोक माझ्या दगडांवरून हात फिरवत आणि म्हणत, की या भिंतीने आपल्याला वाचवले. गोप्दान त्या वेळी भिंतीच्या बाहेरून उत्तरेच्या कोपऱ्याकडे चालली होती. जमीन गोठलेली होती, म्हणून तिला सासूवर आधी दगड रचावे लागले. माती तिने वसंतात घातली.

ती गावात परत राहायला गेली नाही. कोठारांची झाडलोट करायला माणूस हवे होते, ते काम तिने घेतले आणि माझ्या आतच राहिली. किल्लेदार समोरून आला तर ती वाट सोडून उभी राही आणि मान लववी, जेवढी लववायची तेवढीच. तिच्याशी काही बोलायला तो एकदोनदा थांबला. मग तसाच पुढे गेला.

माझेही दिवस फिरले. शत्रूशी झालेल्या तहात एक अट होती, की किल्ले नवे बांधायचे नाहीत आणि जुने दुरुस्त करायचे नाहीत. पावसाने दक्षिणेची भिंत पोट काढून पुढे आली, मग कोसळली. पायाच्या दगडावर तालुक्याचे नाव होते, पण कोणाला बोलावणे गेले नाही. मा किल्लेदार त्या खिंडारापाशी जाऊन उभा राही. एक दगड उचलून ठेवायचीही त्याला बंदी होती. मला दुखत नव्हते. उघड्या जागेतून वारा आत येई, एवढेच.

बरीच वर्षे गेली आणि एका धुक्याच्या सकाळी त्याच खिंडारातून एक माणूस आत आला. केस पांढरे, एक कान कापलेला. गोप्दान कोठारापुढे सोयाबीन पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

मानबोक उत्तरेकडून पळून आला होता. सगळी वाट चालत. तिने त्याला आत नेऊन गरम जमिनीवर बसवले आणि जेवायला वाढले. त्याने वाडगा पुसून खाल्ला. मग त्याने आईचे विचारले. ती त्याला बाहेरून उत्तरेच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तो त्या मातीच्या उंचवट्याकडे पाहत राहिला, मग भिंतीकडे.

"इथं वारा लागत होता का?" त्याने विचारले.

"नाही. आडोशाची जागा आहे."

"मग बरं."

त्याने माझ्या दगडावर तळहात ठेवला. बापाने बसवलेला दगड होता. हात तसाच ठेवून त्याने विचारले, की त्या दिवशी दार लावताना किल्लेदाराने आम्हाला पाहिले होते का. गोप्दानने जे ऐकले होते ते सांगितले. रस्त्यावर कोणी दिसत नाही, असे म्हणाला होता. मानबोकने मान हलवली. एवढी वर्षे तिकडे दुसऱ्याच्या घोड्यांना चारा घालताना तो हेच स्वतःला सांगत आला होता, की वरून दिसले नसेल.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. पळून आलेल्या कैद्यांना पकडून परत पाठवायचे, हीही तहाची अट होती. कोणी लपवले तर लपवणाऱ्यालाही शिक्षा होती. गावात कुजबूज सुरू झाली. मानबोकने वाट पाहिली नाही. तो आपणहून किल्लेदाराच्या ओसरीपुढे जाऊन उभा राहिला. गोप्दान त्याच्या मागे होती.

मा किल्लेदार म्हातारा झाला होता. तो कागद वाचत होता. त्याने वर पाहिले आणि कागद बाजूला सारला.

"मला परत पाठवायचं असेल तर पाठवा, साहेब," मानबोक म्हणाला. "त्याआधी एक विचारायचं आहे. त्या दिवशी आम्ही तुम्हाला दिसलो होतो का?"

किल्लेदार नाही म्हणू शकला असता. ते ऐकायला समोरचा माणूस तयार होता. मला वाटते त्याला तेच ऐकायचे होते.

"दिसला होतात," किल्लेदार म्हणाला.

"कुठवर आलो होतो?"

"शेवटच्या वळणावर. हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती."

"तुम्ही मारली नाही."

"नाही."

गोप्दानने ओसरीच्या खांबाला हात टेकवला. किल्लेदार उठला, ओसरीच्या कडेला आला आणि खाली न पाहता म्हणाला, "आता मला इथं कोणी दिसत नाही. खिंडारावर गावाची नजर आहे. पश्चिमेचा चोरदरवाजा मी मोकळा करून ठेवतो."

ते दगड त्याने स्वतः काढले. शिपायांना बोलावले असते तर उद्या त्यांच्याही अंगाशी आले असते. म्हातारा माणूस, एकेक दगड पोटाशी धरून बाजूला नेत होता. चोरदरवाज्यातून मानबोक निघून गेला. डोंगरापलीकडे भिक्षूंची एक लहान मढी होती, तिथे तो राहिला, केस उतरवून. गोप्दान मागे थांबली. दोघे एकदम नाहीसे झाले असते तर शोध लागला असता.

तरी बातमी गेलीच. राजधानीहून अधिकारी आला. त्याला कैदी सापडला नाही, पण उघडा चोरदरवाजा सापडला. हा कोणी उघडला, असे त्याने सगळ्यांना रांगेत उभे करून विचारले. मा किल्लेदार म्हणाला, "मी." का, असे विचारल्यावर म्हणाला, की पूर्वी उघडायला हवा होता, तेव्हा उघडला नाही. अधिकाऱ्याला ते कळले नाही. त्याने ते लिहून घेतले नाही.

किल्लेदाराची हुद्द्याची टोपी काढून घेतली आणि त्याला दूर समुद्रातल्या एका बेटावर धाडायचे ठरले. तो निघाला त्या दिवशी दोन शिपाई पुढे होते. त्याचे गाठोडे उचलायला कोणी पुढे झाले नाही. सगळे आपापल्या दाराआडून पाहत होते. गोप्दानने ते गाठोडे डोक्यावर घेतले. मोठ्या दरवाज्यातून ती त्याच्या मागे बाहेर पडली. शेवटच्या वळणापर्यंत ती गेली आणि तिथे तिने गाठोडे खाली ठेवले.

"इथं होते ते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," किल्लेदार म्हणाला.

त्याने गाठोडे उचलले आणि तो उतरून गेला. तिने त्याला क्षमा केली होती का, हे मला कळले नाही. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. तिने राहिलेले सोयाबीन पाखडून पुरे केले. नंतरच्या काळात महिन्यातून एकदा ती डोंगरापलीकडच्या मढीला जवाचे पीठ पोचवायला जात असे. तिला यायला संध्याकाळ होई.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ पाहिले. एका राजाने माझी डागडुजी केली. पुढे समुद्रापलीकडून आलेल्यांनी माझे दारूगोळ्याचे कोठार उडवले आणि सज्ज्याची लाकडे विकली. गावाने माझे दगड घरांच्या जोत्यांना नेले, डुकरांच्या गोठ्याला नेले. परवाच्या भावाभावांच्या युद्धात शिपाई माझ्या आडोशाला चर खणून राहिले. कोणत्या बाजूचे, ते मी विचारले नाही. अलीकडे सरकारने मला पुन्हा उभे केले. दक्षिणेला यंत्राने कापलेले पांढरे दगड बसवले आहेत. तो भाग माझा आहे, पण तिथून मला काही कळत नाही. पाऊस पडला तरी कळत नाही.

आता शाळांच्या सहली येतात. मुले तळ्याच्या काठी बसून भाताचे रोल खातात. फलकावर लिहिले आहे, की हा किल्ला लढाईत कधीही पडला नाही. ते खरे आहे.

तुम्ही आलात तर माझ्या भिंतीवर नावे कोरू नका. सैल दगड आठवण म्हणून घरी नेऊ नका, कठड्यावर चढून उड्या मारू नका. हे सगळे फलकावरही लिहिले आहे. जे लिहिलेले नाही ते मी सांगतो. कोणत्याही किल्ल्याची गोष्ट सांगाल तेव्हा आत किती वाचले ते सांगा, आणि दार लागले तेव्हा बाहेर कोण होते तेही विचारा. कोणाला ठाऊक नसेल तर तसे सांगा, की ठाऊक नाही. पण विचारा. एवढे केलेत तरी माझी काळजी घेतली असे मी समजेन. दगडांचे काय, दगड टिकतात.